‘लिनक्स सपोर्टेड’ वाय-फाय डोंगल: खोक्यावरचे शब्द आणि कर्नलचा आकडा

लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड निकामी झाल्यामुळे मी ‘एसी ६००’ प्रकारचा नखाएवढा यूएसबी डोंगल ऑनलाइन मागवला. खोक्यावर पेंग्विनच्या चित्राशेजारी ‘लिनक्स सपोर्टेड’ असे ठळक छापलेले होते, आणि लिनक्स मिंट २१ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली वापरणाऱ्या मी त्यावर विश्वास ठेवला.

डोंगल लावल्यावर नेटवर्कच्या यादीत काहीच आले नाही. डेस्कटॉपवर मात्र एका सीडीचे चिन्ह उमटले. अशा डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) भरलेला असतो, म्हणून संगणकापुढे तो आधी सीडी ड्राइव्हचे सोंग घेऊन उभा राहतो. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ आज्ञेत त्याचा क्रमांक ०बीडीए:१ए२बी असा दिसत होता; अशा उपकरणांचे सोंग उतरवणाऱ्या ‘यूएसबी मोडस्विच’ने ती सीडी ‘इजेक्ट’ केली तेव्हा तो ०बीडीए:सी८११ झाला आणि आत रिअलटेकची ८८११सीयू चिप आहे हे कळले. खोक्यावर सगळे काही आहे, चिपचे नाव तेवढे नाही.

खरी अडचण पुढेच होती. या चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) ६.२ या आवृत्तीपासून आला, तर मिंट २१ चे कर्नल ५.१५. विक्रेत्याने दिलेला सोर्स त्याहून जुन्या कर्नलसाठी लिहिलेला असल्यामुळे सोर्सपासून ड्रायव्हर तयार करणारी ‘मेक’ आज्ञा देताच त्रुटींचा पाऊस पडला. स्वयंसेवकांनी सांभाळलेला डीकेएमएस ड्रायव्हर (कर्नल बदलले की आपोआप पुन्हा तयार होणारा) उपलब्ध होता, पण तो आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर, म्हणजे मोबाइलच्याच इंटरनेटवर, काम भागवले. ड्रायव्हर तयार झाला, तरी सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असल्याने कर्नलने तो नाकारला, कारण रीस्टार्टच्या वेळी आलेल्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवण्याचा पर्याय) निवडण्याऐवजी मी घाईने पुढे गेलो होतो. हा दोष माझा, डोंगलचा नव्हे.

एकदा चालू झाल्यावर मात्र डोंगलबद्दल बोल लावण्यासारखे फारसे नाही. ‘६००’ हा आकडा ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ आणि २.४ वरचे १५० एमबीपीएस मिळून फुगवलेला आहे आणि दोन्ही बँड एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरीही राउटरच्या खोलीत व्हिडिओ कॉल एकदाही अडकला नाही. भिंतीपलीकडे वेग बराच उतरतो, कारण एवढ्याशा अँटेनाकडून जास्त अपेक्षा ठेवता येत नाही.

पुढे मी मिंट २२ घेतले, ज्याचे कर्नल ६.८ आहे. दोन ड्रायव्हरांची आपसात ओढाताण नको म्हणून डीकेएमएसचा जुना ड्रायव्हर आधी काढला. त्यानंतर काहीही न बसवता वाय-फाय जोडले गेले. त्यामुळे नव्या कर्नलवर या डोंगलला पाचपैकी चार तारे, मिंट २१ वर मात्र दोनच.