पेटी हतनूरला ठेवावी की नर्मदेवर?

लेटरबॉक्स म्हणजे वही आणि कोरलेला शिक्का घालून लपवलेली पेटी; कोडं सोडवत ती शोधायची आणि वहीवर शिक्का उमटवायचा, असा हा छंद. होडीशिवाय पोहोचताच येणार नाही अशा जागी लेटरबॉक्स ठेवायचा, आणि तोही खानदेशातच, असं ठरवलं की फिरून फिरून दोनच जागा उरतात. एक तापी-पूर्णेच्या संगमापाशी पसरलेला हतनूर धरणाचा फुगवटा. दुसरी नंदुरबारच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेलं नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पाणी. प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज मीही पाहून आलो, पण तिथे दोन्ही तीरांना रस्ता आहे. होडी लागते ती हौसेपुरती. मी दोन्हीकडे पेटी ठेवून पाहिली. आज त्यातली एकच जागेवर आहे. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हा अनुभव.

शिक्का कशात कोरायचा, वही कुठली घ्यायची हे तुम्हाला ठाऊक असेलच. होडीच्या पेटीसाठी एकच जादा सूचना करतो: झाकणाला रबरी वायसर असलेला डबा घ्या आणि आतली वही वेगळ्या पिशवीत बांधा. पाण्यावरच्या दमट हवेत साध्या स्टॅम्पपॅडची शाई महिनाभरात कागदभर पसरते.

हतनूरच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे चांगदेवपर्यंत रस्ता, आणि संगमावर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर कुणी ना कुणी उजाडायला तयार असतं. पाणी संथ, लाटा नाहीत, लहान मुलं बरोबर असली तरी धास्ती वाटत नाही. हिवाळ्यात पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, आणि धुकं वर जाता जाता त्यांचा आवाज आधी येतो, पक्षी मागाहून दिसतात. माझा तिथला शिक्का पट्टकादंबाच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांचा होता. आजवर कोरलेल्यांत तो मला सर्वांत जवळचा. सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारी घरी भरीत-भाकरीवर बसू शकतो, ही काही लहान गोष्ट नाही.

मात्र तिथे वर्षातले महिने कापत गेलात की हाती फार थोडे उरतात. पावसाळ्यात धरणाचे एक्केचाळीस दरवाजे केव्हा उघडतील याचा नेम नसतो, त्या दिवसांत होडीचं नावही काढू नये. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मार्च ते मे तिथे उतरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगदेवाच्या देवळाच्या आवारात लपवायचा मोह झाला तर तो आवरा. ते संरक्षित स्मारक आहे. म्हणजे उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेही पुरले असते.

पुरले नाहीत ते गाऱ्यामुळे, म्हणजे चिखलामुळे.

पेटी मी नोव्हेंबरात ठेवली. होडी थेट बेटाच्या कडेला लागली, चार पावलांवर बाभळीचं खोड, त्याच्या ढोलीत डबा. कोडं लिहिलं, दोन मित्रांना दिलं. त्यांतला एक जानेवारीत गेला आणि हात हलवत परत आला. म्हणाला, होडी बेटाला लागतच नाही. मला खरं वाटेना, म्हणून फेब्रुवारीत स्वतः गेलो. पाणी फार उतरलं नव्हतं, फूट-दोन फूट असेल. पण सपाट जमिनीवर फूटभर पाणी उतरलं की काठ कितीतरी लांब सरकतो, आणि मागे राहतो तो नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेला काळा गाळ. होडीचा तळ टेकला तेव्हा बाभूळ दीडशे पावलांवर होती. मी पाय खाली घालणार तोच नावाडी म्हणाला, "भाऊ, पाय नका टाकू, गारा आहे." ऐकलं नाही. पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत गेलो. ओढून काढायला दोघे लागले, आणि ओढताना होडी एका बाजूला इतकी कलली की माझ्यापेक्षा त्यांचीच मला काळजी वाटली.

वर वाळून तडे गेलेलं, खाली लोण्यासारखं. चालावं तर बुडतो, वल्हवावं तर होडी रुतते. तळाशी जेमतेम वीतभर पाणी, पण ना पायाचं ना वल्ह्याचं. डबा डोळ्यांसमोर होता आणि वर्षभर तो मला आणता आला नाही. पुढच्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा बाभळीसकट नाहीसा झाला होता.

कुणी म्हणेल, चिखल तर या छंदाच्या रक्तातच आहे. खरं आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली आणि येणाऱ्यांनी आपलं कार्ड तीत टाकायचं असं ठरलं. ती जागाही दलदलीतच. पण तिथला चालणारा कोरड्या जागा हेरत, वळसे घेत पोहोचू शकतो. वाट अवघड असली तरी ती वाट असते. हतनूरच्या गाळात वळसाच नाही. आणि ज्या पेटीचं कोडं अचूक सोडवूनही माणसाला शंभर पावलांवरून परत फिरावं लागतं, ती पेटी मला तरी अन्याय वाटते.

आता नर्मदा. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगाव, तिथून पुढे भुषा किंवा बिलगावकडे. जळगावहून निघालात तर एक मुक्काम धरूनच चला. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, रोकड जवळ ठेवावी लागते, लाइफ जॅकेट आपलं आपणच न्यावं. हे सगळं हतनूरच्या तुलनेत जड आहे, लपवत नाही.

आकडे पाहिले तर पाण्याचा चढउतारही इथेच मोठा. पूर्ण भरल्यावर सरोवराची पातळी १३८.६८ मीटर, आणि किमान पातळी ११०.६४. म्हणजे अठ्ठावीस मीटरचा फरक पडू शकतो. हे वाचून मी आधी इकडे फिरकलोच नव्हतो. प्रत्यक्षात उलटं निघालं. डोंगराची सोंड उभी पाण्यात उतरते, त्यामुळे पातळी कितीही खाली गेली तरी होडी खडकालाच लागते. चढ तेवढा वाढतो. ऑक्टोबरात मी दहा मिनिटांत पेटीपाशी होतो, मे महिन्यात पाऊण तास लागला, घाम निघाला, पण दोन्ही वेळा वहीवर शिक्का उमटला. गाळ तिथेही आहे, नाल्यांच्या मुखाशी तर भयंकर; काठावरच्या माणसांना आणि जनावरांना त्याचा फार त्रास होतो. म्हणून नाल्याचं तोंड टाळायचं आणि सोंड धरायची. उतारावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसते, खाली उघडा खडक, वर झाडोरा. त्या रेघेच्या बरीच वर पेटी ठेवली की बुडायचं भय नाही.

कोडं मात्र नव्याने लिहावं लागलं. "किनाऱ्यापासून चाळीस पावलं" हे तिथे दर महिन्याला खोटं ठरतं. मग पाण्याचा उल्लेखच काढून टाकला. समोरच्या तीरावरची खिंड आणि अलीकडचं एकटं मोहाचं झाड एका रेषेत येतील तिथे होडी लावा, मग झाडाकडे पाठ करून सरळ वर: अशा खुणा पाणी बदलू शकत नाही. हतनूरला चहूकडे सपाट, अशी रेषा जुळवायला मला काही सापडलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. नर्मदेचा हा काठ म्हणजे सहलीसाठी तयार झालेलं तळं नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या ५४ किलोमीटरांच्या या काठावरची आणि आसपासची तेहेतीस गावं धरणाने बाधित झाली. पाण्याखाली शेतं आहेत, देवाच्या जागा आहेत. आज तिथली होडी ही लोकांची एसटी आहे. दवाखानासुद्धा पाण्यावरून तरंगत येतो. म्हणून मी पेटी ठेवायच्या आधी पाड्यावर जाऊन विचारलं. एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाबांनी मी दाखवलेली पहिली जागा नाही म्हटली, मी कारण विचारलं नाही, आणि दुसरी त्यांनी स्वतः दाखवली. ती माझ्या जागेपेक्षा चांगली आहे. बाजाराच्या दिवशी होडीत जागा अडवू नका, आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात तर जाऊच नका. त्या दिवसांत प्रत्येक फेरी त्यांना हवी असते.

हतनूर वाईट असं मी म्हणणार नाही. घरात मुलं असतील, एकच रविवार मोकळा असेल, पक्ष्यांची आवड असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे जरूर जा. पेटी कायमची न ठेवता त्या हंगामापुरती ठेवा आणि संक्रांतीच्या आत उचलून आणा. माझ्या बाभळीपेक्षा उंच, पक्की जागा कुणाला सापडली असेल तर माझा अनुभव तिथे लागूही पडणार नाही. पण वर्षानुवर्षं राहणारी, कुठल्याही महिन्यात निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने न परतवणारी पेटी हवी असेल तर मी धडगावची वाट धरेन. पहिल्या खेपेला ऑक्टोबर निवडा: सरोवर भरत आलेलं असतं, चढ कमी असतो, घाटातला रस्ता पावसातून सावरलेला असतो. होडी सकाळी लवकर ठरवा, आणि परतीची वेळ नावाड्याला विचारूनच पक्की करा.