खाद्यग्रंथ: कोणते विकत घ्यायचे, कोणते वाचनालयातून आणायचे

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पाककृतींचं पुस्तक मागा, काउंटरवर ढीग पडतो. खाण्याच्या इतिहासाचं पुस्तक मागितलं की मात्र दुकानातला माणूस आधी मालकाकडे बघतो. ही पुस्तकं एका कपाटात कधीच नसतात. काही इतिहासात, काही समाजशास्त्रात, तर खून आणि केक एकत्र असलेल्या कादंबऱ्या इंग्रजी रहस्यकथांच्या रांगेत सापडतात. त्यामुळे नाव ठरवूनच दुकानात शिरावं. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी तपासता येतात: पाककृती असेल तर माप काय दिलंय, आणि इतिहास असेल तर विधानाखाली आधार आहे का.

पैसे टाकून घ्यायचं पहिलं पुस्तक म्हणजे के. टी. अचया यांचं 'इंडियन फूड: अ हिस्टॉरिकल कंपॅनियन' (१९९४). अचया मुळात तेलांवर काम केलेले रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे पदार्थाचं नाव जुन्या ग्रंथात सापडलं एवढ्यावर ते थांबत नाहीत. तो कशाचा आणि कसा बनत होता, हेही पाहतात. सलग वाचायचा कंटाळा असेल तर त्यांचा अकारविल्हे कोश, 'अ हिस्टॉरिकल डिक्शनरी ऑफ इंडियन फूड' (१९९८), आधी घ्यावा. एका वेळी एकच नोंद वाचता येते आणि मूळ पुस्तकात कुठे शिरायचं हेही कळतं.

मात्र अचया डोळे मिटून वाचू नयेत. इडलीचंच पाहा. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये 'इडरिका' आहे, पण अचयांच्या वाचनाप्रमाणे ती निव्वळ उडदाची, मिरी-जिरं-हिंग घातलेली. म्हणजे आजच्या इडलीतल्या तीन गोष्टी तिथे नाहीत: तांदूळ, पीठ रात्रभर आंबवणं आणि वाफवणं. इथवर अचया ग्रंथाच्या आधारे बोलतात. पुढे ते सुचवतात, की आंबवण्याचं तंत्र इंडोनेशियाहून राजांबरोबर आलेल्या आचाऱ्यांनी आणलं असावं. तो तर्क आहे, पुरावा नव्हे, पण इंटरनेटवर आज तोच 'सिद्ध झालेलं सत्य' म्हणून फिरतो. इडलीचं पीठ आंबायला बाहेरचं विरजण लागत नाही. ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू उडदाच्या डाळीवर मुळातच असतात, तेच वायू तयार करून पीठ फुगवतात. उष्ण हवेत भिजवलेली वाटलेली डाळ रात्रभर राहिली तरी ते घडतं. त्यामुळे आंबवण्याची युक्ती आयात करावीच लागली असेल, असं मानायचं कारण नाही. पुस्तकात 'असावं' कुठे आहे आणि 'आहे' कुठे, तिथे पेन्सिलीने खूण करत वाचलं तर अचया दुप्पट उपयोगी पडतात.

याच शिस्तीचा पुणेरी नमुना म्हणजे भांडारकर संस्थेचे एकेकाळचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे. जिलबीच्या इतिहासावरचा त्यांचा १९४३ चा निबंध अवश्य वाचावा. साधारण १४५० च्या जैन कथाग्रंथातला उल्लेख, मग सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या 'भोजनकुतूहला'तली कृती, असं एकेक कालनिश्चित साधन मांडत ते पुढे सरकतात. शैली रुक्ष आहे, तळटीपा मजकुरावर चढून बसतात. हे विकत घेऊन घरात ठेवायचं वाचन नाही, संदर्भ ग्रंथालयात बसून वाचायचं आहे. जाण्याआधी नियम आणि वेळा फोन करून विचाराव्यात.

मराठीत घरी हवंच असं पुस्तक कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' (१९७०). सगळी मापं वाटी-चमच्यात, हीच त्याची ताकद. प्रमाण गुणोत्तरात असलं की वाटी लहान असो वा मोठी, शिरा बिघडत नाही, फक्त रवा, साखर आणि पाणी एकाच वाटीने मोजलेलं हवं. अडचण येते ती वाटी आणि चमचा एकाच कृतीत आल्यावर. वाटी मोठी घेतली तरी सोडा किंवा मीठ चमच्यानेच पडतं, आणि प्रमाण चुकतं. उपाय सोपा आहे. घरातली एक वाटी ठरवून टाका. वजनकाट्यावर ती पाण्याने भरून मोजा, रिकाम्या वाटीचं वजन वजा करा, उरतील तितके ग्रॅम तितके मिलिलिटर. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण १२५ ग्रॅम आणि मैदा ७५ ग्रॅमच्या आसपास बसतो. हे आकडे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावेत.

त्याआधीची पुस्तकं, म्हणजे १८७५ च्या 'सूपशास्त्रा'च्या काळातली, हौसेने वाचावीत, पण लगेच गॅस पेटवू नये. तोळा ११.६६ ग्रॅमचा, इथपर्यंत ठीक. शेर मात्र गावोगाव बदलतो. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि मुंबईचा २८ तोळ्यांचा शेर जेमतेम सव्वातीनशे. चुकीचा शेर धरला तर तूप जवळपास तिप्पट पडेल.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' पाककृतींसाठी घेतलंत तर फसाल, आणि न घेतलंत तर जास्त फसाल. मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत काय शिजत होतं, मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा करत, दूध-तूप-तेल का नव्हतं, हे त्यात आहे. वर उल्लेखलेल्या राजेशाही ग्रंथांत यातलं काहीच सापडत नाही, म्हणून अचयांच्या शेजारी हे असावं.

आता रहस्यकथा. रेक्स स्टाउटची 'टू मेनी कुक्स' (१९३८) या प्रकारातली सरस. त्यात एकाच सॉसचे नऊ नमुने मांडलेले असतात, प्रत्येकात एकेक घटक वगळलेला, आणि बल्लवांनी चव घेऊन तो ओळखायचा. (हाच खेळ आमटीवर करून पाहावा. चिंच वगळलेली वाटी सगळे ओळखतात, गूळ वगळलेली बरेच, पण गोड्या मसाल्यातलं दगडफूल वगळलं तर भलेभले गप्प होतात.) जोआन फ्लूकसारख्या लेखिकांच्या बेकरीतल्या खुनांच्या मालिका मात्र वाचनालयातूनच आणाव्यात. एकदा खुनी कळला की पुस्तक परत उघडायचं कारण उरतं ते फक्त कुकीच्या कृतीचं, आणि त्या पानांचा मोबाइलवर फोटो पुरतो.

त्या कृती आपल्याकडे बिघडतात त्या मापांमुळे. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा: मैदा १२० ते १२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम. 'एक स्टिक' लोणी म्हणजे ११३ ग्रॅम. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअस. आपलं पिवळं टेबल बटर खारट असतं, ते वापरलं तर कृतीतलं मीठ गाळावं. ब्राउन शुगरऐवजी नुसती पांढरी साखर घातली तर सोड्याशी भिडायला आम्लच उरत नाही आणि कुकीला साबणासारखी चव येते. २०० ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा काकवी नीट चोळून घेतली की काम भागतं. ओटीजीत ट्रे मधल्या खणात ठेवावा आणि सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बघावं, लहान ओव्हनमध्ये कडा लवकर करपतात.

अचया जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले तर आधी शेवटची पानं बघावीत. सूची फाटलेली प्रत स्वस्त असली तरी घेऊ नये, सूचीशिवाय त्या पुस्तकात काहीही शोधता येत नाही.