एकोणऐंशी डॉलर वाचवले आणि दोन हजार साठ घालवले

टेक्सासात राहणाऱ्या, रेंजवर नेमबाजीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. हसायचं तर हसा, घरी हसून झालंय.

माझ्याकडे .४५ ची '१९११' पिस्तूल आहे. जॉन ब्राउनिंगची ही रचना मार्च १९११ च्या लष्करी चाचणीत ६,००० गोळ्या झाडूनही एकदा अडकली नव्हती. माझी मात्र हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या गोळ्या) भरल्या की पन्नासच्या खोक्यात दोन-तीनदा अडकायची. गोल नाकाच्या साध्या गोळ्या मुकाट चालायच्या. मुळात ती त्यांच्यासाठीच बनलेली. हे मला ठाऊक होतं. तरीही परराज्यातल्या एका गनस्मिथच्या (बंदूक-कारागिराच्या) 'रिलायबिलिटी पॅकेज'ला भुललो.

फीड रॅम्प (गोळी नळीत चढवणारा उतार), एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस खेचणारी आकडी), ट्रिगर जॉब (चापाचं काम) आणि नवं मॅच बॅरल (स्पर्धेच्या दर्जाची नळी). आगाऊ ९०० डॉलर. दोन महिन्यांनी 'बॅरल महागलं' म्हणून ४२५. काम 'झाल्यावर' ६५०. इथल्या दुकानदारामार्फत पाठवायचे ८५. एकूण २,०६०. तिन्ही हप्ते पोस्टाच्या मनीऑर्डरीने, कारण कार्डाला म्हणे चार टक्के जादा. म्हणजे ७९ डॉलर वाचवले मी! कार्ड वापरलं असतं तर निदान बँकेशी भांडता आलं असतं. कार्ड नको म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

आणि खरं म्हणजे सगळं पहिल्याच दिवशी समोर होतं. पिस्तूल पाठवायला त्या गनस्मिथच्या, बंदुकीच्या धंद्याच्या फेडरल लायसन्सची प्रत मागितली, तर आली ती भलत्याच दुकानाच्या नावाची. 'मित्राचं दुकान आहे, तिथेच बसतो.' आमच्या दुकानदाराने कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "हा तोच माणूस आहे का?" मी म्हणालो, हो, हो, तोच. का म्हणालो? रांगेत मागे चार जण उभे होते, आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं. दुसरं कारण नाही. एटीएफच्या (ही लायसन्सं देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) साइटवर लायसन्स नंबर तपासायला दोन मिनिटं लागतात. नंबर खरा निघाला, तरी नाव जुळतंय का ते बघा.

चौदा महिन्यांनी पिस्तूल परत आलं. रॅम्प आरशासारखा चकचकीत. फोटोत मीही फसलो असतो, कुणीही फसेल. पण हातातल्या ग्राइंडरने घासून त्याचा कोनच बदललाय, वरची कड गोल झालीय. आता साध्या गोळ्याही अडकतात. बॅरल जुनंच, खालचा माझा ओरखडा जसाच्या तसा. सगळ्यात भयंकर म्हणजे स्लाइड (वरचा सरकता भाग) सोडली की हॅमर (मागचा हातोडा) तिच्यामागोमाग घसरून अर्ध्यावर येतो. असं दिसलं तर पुन्हा गोळी भरू नका. मी भरली नाही, एवढीच अक्कल वापरली.

मग दारोदार. शेरिफच्या ऑफिसात दोन वाक्यांत बोळवण: हे दिवाणी प्रकरण. एटीएफवाले म्हणाले, आम्ही लायसन्स आणि नोंदवही बघतो, कामाचा दर्जा नाही. मग नोंदवही तरी बघा! त्यावर फॉर्म. पोस्टाच्या तपास खात्यालाही फॉर्म. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शुकशुकाट. ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाचं छापील पत्र आलं, त्यात माझं आडनावही चुकलेलं. आमच्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, पण हा बसलाय दुसऱ्या राज्यात. दावा तिकडे लावा म्हणे. विमान, हॉटेल, दोन दिवस रजा. चोरालाही हे गणित येतं.

काम सांगताना काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा. मी मागितले नव्हते.

इथल्या एका जुन्या कारागिराला दाखवलं. फ्रेम कापून रॅम्पवालं बॅरल बसवावं लागेल म्हणाला. मग त्याने माझं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) हातात घेतलं, गोळ्या धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या ओठांवरून अंगठा फिरवला. "हे फाकलंय. आधी हे बदलून बघितलं होतं का?"

नवं मॅगझिन पस्तीस डॉलरला मिळतं.