विश्रामबागेतील पक्षाघात पुनर्वसन केंद्र : सिस्टरांसाठी जावे, काउंटरवरील पावडरीसाठी नव्हे

मिरजेतील रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर माझे थोरले बंधू सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका निवासी पुनर्वसन केंद्रात राहिले. अशा केंद्राची चौकशी करताना नातेवाईक व्यायामाची यंत्रे मोजतात; मी मात्र सांगेन की तिथल्या सिस्टर रुग्णाला पहिला घास कसा भरवतात ते आधी पाहावे, कारण पक्षाघाताच्या तडाख्यातून वाचलेल्या रुग्णाला पुढे मोठा धोका असतो तो न्यूमोनियाचा.

यामागे मेंदू आणि रोगप्रतिकारशक्ती यांचे विचित्र नाते आहे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटून मरू लागलेल्या मेंदूच्या पेशींतून धोक्याचे संकेत बाहेर पडतात, मेंदूतल्याच मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी त्यामुळे जाग्या होतात आणि काही तासांत रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही सैल झालेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती ओलांडून आत येऊ लागतात. या दाहाने सूज आणि इजा वाढते, पण मृत पेशींचा निचरा आणि पुढची डागडुजीही याच यंत्रणेतील पेशी करतात. त्याच वेळी जखमी मेंदू चेतासंस्थेमार्फत आणि कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांमार्फत उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती खाली आणतो. रक्तातील लिम्फोसाइट या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. बर्लिनमधील संशोधकांनी 2003 साली उंदरांवर दाखवून दिले की पक्षाघातानंतर चेतासंस्थेचे हे संकेत प्रोप्रॅनोलोल या औषधाने अडवले तर जंतुसंसर्ग टळतो. माणसांवरील उपचार म्हणून ते अजून रुळलेले नाही. एकीकडे डोक्यात भडका आणि दुसरीकडे छातीत पहारा ढिला, अशी ही अवस्था असते. त्यात गिळण्याचे स्नायू दुबळे असले तर लाळ आणि अन्न श्वासनलिकेत उतरते, आणि प्रत्येक वेळी ठसका लागेलच असे नाही.

केंद्रातील सिस्टरांना हे पक्के ठाऊक होते. रुग्णाला ताठ बसवून आधी चमचाभर पाणी, मग आवाज ओला किंवा घोगरा होतो का याची खात्री, आणि त्यानंतरच घट्ट केलेली पेज, असा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. रोज तोंडाची स्वच्छता होई, कवळी काढून धुतली जाई, तापमान आणि साखर तक्त्यावर लिहिली जाई, आणि लघवीची नळी गरज संपताच काढली गेली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणे एवढ्या तीनच गोष्टी ठरलेल्या पद्धतीने सांभाळल्या, तेव्हा 90 दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण 58 टक्क्यांऐवजी 42 टक्के आढळले. 2011 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास पक्षाघातानंतर नुकत्याच रुग्णालयात आलेल्या रुग्णांचा असला, तरी त्यातील शिस्त इथे दिसली. ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविके सुरू करा, असा आमच्या घरच्यांचा आग्रह तिथल्या डॉक्टरांनी नाकारला, तेही योग्यच होते. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील 2015 च्या मोठ्या चाचण्यांत अशा आगाऊ प्रतिजैविकांनी रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नव्हती.

मग याच केंद्राच्या काउंटरवर ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडर कशासाठी विकली जाते? ज्या आजारात प्रतिकारशक्ती एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी पडते, तिथे ती सरसकट ‘वाढवणे’ म्हणजे नेमके काय करणे, याचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही. वर ती पावडर पातळ दुधातून घ्यायची, म्हणजे ज्याला पातळ पदार्थ गिळणेच धोक्याचे, त्यालाच ती पाजायची.

रात्रपाळीही दिवसपाळीइतकी काटेकोर नाही. एका संध्याकाळी बदली मावशींनी पातळ आमटीची वाटी समोर ठेवली. सिस्टरांनी ती वेळीच उचलली, पण पलंगाशी आहाराची पाटी असती तर त्यांना धावत यावे लागले नसते. फिजिओथेरपी चांगली असली तरी रविवारी बंद असते, आणि स्पीच थेरपिस्ट रोज येत नाहीत.

ताप येऊन गेलेल्या किंवा नाकातून नळी असलेल्या रुग्णासाठी मी हे केंद्र निःशंकपणे सुचवेन. केवळ हाताच्या बारीक हालचाली सुधारायच्या असतील तर इथे राहण्याचा खर्च करण्याचे कारण नाही. डायपर, औषधे आणि पेय घट्ट करण्याची पावडर यांचे पैसे वेगळे लागतात, ते दाखल होतानाच लिहून घ्यावे.