मांगरात होडी रंगवताना : दोन फवारणी यंत्रांचा सात महिन्यांचा अनुभव

वेंगुर्ल्याच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, आमची १६ फुटी फायबरची होडी स्वतःच रंगवायचे ठरले, तेव्हा नोव्हेंबरात मी हातात धरायचे विजेवरचे फवारणी यंत्र घेतले, कारण त्याला कॉम्प्रेसर लागत नाही आणि ते स्वस्तही पडते. फाटक आणि खिडक्यांचे गज त्याने उत्तम रंगवले. होडीवर मात्र पहिल्याच हातात त्याची मर्यादा दिसली. २.५ मिमीच्या नोझलमधून थेंब जाड पडत आणि ते बारीक व्हावेत म्हणून थिनर वाढवला की उभ्या बाजूवर ओघळ येत. नाळेजवळचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळचा भाग वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला, आणि तो ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत घासून काढण्यात दोन रविवार गेले.

जानेवारीत २ अश्वशक्तीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला. दुकानदार एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने पण भरपूर हवा सोडणारी, गन पुढे करत होता. पण तसल्या बहुतेक गनना मिनिटाला १० घनफुटांहून अधिक हवा लागते आणि एवढा कॉम्प्रेसर तितकी देत नाही, म्हणून मी कमी हवेवर चालणारी, वर कप असलेली १.४ मिमी नोझलची गन निवडली. मोठ्या ट्रॉलरवर वापरतात त्या एअरलेस यंत्राचा (हवेऐवजी थेट रंगावर दाब देऊन फवारणाऱ्या) विचारही केला नाही, कारण एका हाताला जेमतेम लिटरभर रंग लागणाऱ्या होडीसाठी ते अवजडच.

तरीही पहिल्या हातात रंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उमटले. गनला नावे ठेवून झाल्यावर लक्षात आले की पाणी गाळणारा फिल्टर मी कॉम्प्रेसरलाच लावला होता. तिथे हवा गरम असते, त्यामुळे वाफ फिल्टरमधून निसटून पुढे पाइपात थंड होते आणि तिचे पाणी बनते. १० मीटर पाइप मध्ये घालून फिल्टर गनच्या बाजूच्या टोकाला बसवला आणि टाकीतले पाणी रोज संध्याकाळी सोडू लागलो, तेव्हापासून एकही खड्डा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत गनच्या किमतीपेक्षा या फिल्टरच्या जागेला मी अधिक महत्त्व देईन.

वेळही सांभाळावी लागते : सकाळचे दव सुकल्यावर सुरुवात करायची आणि दुपारचा समुद्रवारा सुटण्याआधी गन धुवायला घ्यायची.

दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग घरी फवारण्याचा बेत मात्र मी सोडला. त्याच्या हार्डनरमधील, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या भागातील, आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, जो माझ्याकडे नाही. एकाच डब्यात येणारा मरीन इनॅमल तितका टिकाऊ नसला तरी मला पुरला, आणि तोही कार्बन फिल्टरचा मास्क लावूनच मारला. पाण्याखालच्या भागावरचा तांबेयुक्त रंग विषारी असल्याने त्याचे तुषार हवेत उडवले नाहीत. तो रोलरनेच लावला. पहिले यंत्र आता शेजाऱ्यांच्या फाटकांसाठी फिरत असते.