६०० रुपयांची 'गेमिंग विंडोज': एफपीएस पाच वाढले, प्रिंटर गेला

पुण्यात टिळक रोडच्या एका दुकानातून ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी जुन्या पीसीवर 'गेमिंग विंडोज', म्हणजे गेमसाठी कोणीतरी काटछाट केलेली विंडोज ११, मारून घेतली, तीन आठवडे वापरली आणि वैतागून काढून टाकली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे काम करणारा तो एकटा नाहीये.

पीसी म्हणजे चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि २४० जीबीची एसएसडी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बाबा रोज विचारायला लागले की हे स्क्रीनवर काय येतंय, आपला कॉम्प्युटर बंद पडणारे का, शेवटी सीपीयू ॲक्टिव्हावर पायात ठेवला आणि कर्वेनगरहून निघालो, पी१ का पी२ (सम-विषम पार्किंग) ते तारीख बघून गाडी लावली, त्यातच पंधरा मिनिटं गेली.

दुकानातला माणूस म्हणाला, "साहेब, ओरिजिनल ११ तुमच्या मशीनवर बसणारच नाही. हे गेमर लोकांचं व्हर्जन आहे, सगळा कचरा काढलेला, एफपीएस डबल." आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, कुठून आणली विचारलं तर "ग्रुपवर येते, शंभर पीसींवर टाकलीये." तिथूनच सीपीयू उचलून परत यायला पाहिजे होतं, पण डबल एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दुप्पट फ्रेम, म्हटल्यावर माणूस पाघळतो.

पहिल्या दिवशी खरंच भारी वाटलं हां. आधी नुसता चालू करून ठेवला तरी टास्क मॅनेजरमध्ये ३.१ जीबी रॅम भरलेली दिसायची ती १.४ वर आली. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) गेममध्ये त्याच मॅपवर, सगळी सेटिंग लो ठेवून, सरासरी ७४ एफपीएस यायचे ते ७९ झाले. डबल वगैरे काही नाही. पण मधेमधे जे अडकायचं, स्मोक फुटला की अर्धा सेकंद चित्र गोठायचं, ते बरंच कमी झालं, आणि त्याचं कारण साधं आहे, ८ जीबीत विंडोज, क्रोम आणि गेम मावत नाहीत, मग उरलेलं एसएसडीवर टाकत बसतं आणि तिथे झटका बसतो. रॅम मोकळी झाली की झटके कमी. म्हणजे फायदा होतो तो रॅम कमी असेल तर. सिंहगड रोडच्या मित्राच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर त्याने पण हेच करून घेतलं, त्याला एक-दोन एफपीएसचा फरक पडला, तेवढा तर खिडकी उघडली तरी पडतो.

आता रड. भाचा रविवारी आला आणि वॅलोरंट गेम लावला तर 'व्हॅन ९००१' एरर. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला (वॅलोरंटचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० (सिक्युरिटी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सिक्युरिटी तपासणी) दोन्ही लागतात. मोडेड आयएसओ इन्स्टॉल होताना टीपीएमची तपासणी गाळून टाकते, पण त्याने मदरबोर्डवर टीपीएम उगवत नाही ना! व्हॅनगार्ड स्वतः बघतं आणि नाही म्हणतं. गेम पासचं (मायक्रोसॉफ्टचं गेमचं सबस्क्रिप्शन) पण तेच, एक्सबॉक्स ॲप टाकायला मायक्रोसॉफ्ट स्टोअर लागतं आणि स्टोअर 'कचऱ्यात' गेलेलं.

खरा राडा प्रिंटरने केला. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांना पाण्याच्या टाक्या धुण्याची नोटीस लावायची होती. टायपिंगलाच अडलं, मराठी कीबोर्ड नाही, भाषा ॲड करायला गेलं की एरर, मग फोनवर टाइप करून मेल केली. प्रिंट दिली तर काहीच होईना. सर्व्हिसेस उघडून बघतो तर प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटरला काम पाठवणारी सर्व्हिस, यादीतच नाही. बंद केलेली असती तर चालू केली असती, इथे मुळासकट उपटलेली. बाबांनी शेवटी स्केचपेनने नोटीस लिहिली आणि लिफ्टजवळ चिकटवली, माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. दुकानात फोन केला तर उत्तर काय, "गेमिंग व्हर्जनमध्ये प्रिंटर कशाला पाहिजे साहेब?"

आणि डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) पण काढलेला, अपडेट पण बंद. त्याच पीसीवर बाबा बँकेचं स्टेटमेंट बघतात. कोणी बनवलीये माहीत नाही, आत काय घातलंय माहीत नाही, वर ॲक्टिव्हेशन 'आधीच करून' दिलेलं, ते कसं केलं असेल ते तुम्हीच ओळखा.

सगळंच मोडिंग असं नसतं हेही सांगतो. ॲटलसओएस ही पण गेमिंगसाठी हलकी केलेली विंडोज, पण ते आता तयार आयएसओ देत नाहीत, ओरिजिनल विंडोजवर आपणच त्यांचं प्लेबुक (बदल करणारी फाइल) चालवायचं असतं. टायनी११ (हलकी केलेली विंडोज ११) चा बिल्डर म्हणजे एक स्क्रिप्ट आहे, मायक्रोसॉफ्टची आयएसओ आपण द्यायची आणि त्यातून काय काय काढतंय ते वाचता येतं. त्यातलं साधं टायनी११ अपडेट घेतं, भाषा टाकता येतात. कोअर वालं मात्र घरच्या पीसीवर टाकू नका, त्यात नंतर ना अपडेट ना भाषा, ते टेस्टिंगसाठी आहे. लिनक्सवाले आता बझाइट बझाइट (गेमिंगसाठीचं लिनक्स) करत येतील, स्टीमच्या बऱ्याच गेम चालतात मान्य, पण वॅलोरंट तिथेही नाही, आणि बाबांना परत पहिल्यापासून शिकवायला बसणार कोण.

मी शेवटी फॉरमॅट मारून ओरिजिनल विंडोज १० टाकली आणि ईएसयूला (मायक्रोसॉफ्टची जादा सिक्युरिटी अपडेटची योजना) नाव नोंदवलं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतील. वनड्राइव्ह काढला, स्टार्टअपमधलं फालतू सगळं बंद, गेम बारचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग बंद, अर्धा तास लागला आणि रॅम २.१ जीबीवर आली. वर ८ जीबीची सेकंडहँड स्टिक ७०० रुपयांत घेतली, दोन स्टिक झाल्यामुळे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरणं) पण मिळालं, सीएस २ आता ९० च्या आसपास चालतं. भाच्याचं वॅलोरंट लागतं, प्रिंटर चालतो.

दुकानाला पाचपैकी एक, तो पण सीपीयूतली धूळ ब्लोअरने उडवून दिली म्हणून. ऑक्टोबर २०२६ मध्ये बोर्ड-प्रोसेसर बदलावाच लागणार, बाबांना अजून सांगितलं नाहीये.