काय-वर्ग की फिशर? तक्ता पाहून ठरवा

बीजप्रक्रिया आणि दुबार पेरणी यांचा काही संबंध आहे का? लातूर-परभणीकडच्या सोयाबीन सर्वेक्षणात असा प्रश्न सहज निघतो. दोन्ही उत्तरं हो-नाहीतली. मग संबंध तपासायला काय-वर्ग (chi-square) चाचणी लावायची की फिशरची नेमकी (Fisher's exact) चाचणी? एकूण शेतकरी किती, एवढ्यावर ठरवू नका. तक्त्यातल्या प्रत्येक घराची अपेक्षित संख्या, म्हणजे संबंध नसता तर तिथे किती जण आले असते, ती काढा: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. निर्णय तिच्यावर: दोन-बाय-दोन तक्त्यात ती पाचाच्या खाली गेली तर फिशर, नाहीतर काय-वर्ग.

समजा, १२ शेतकरी आहेत. बीजप्रक्रिया केलेल्या ७ जणांपैकी एकाला दुबार पेरावं लागलं, न केलेल्या ५ पैकी चौघांना. काय-वर्ग येतो ५.१८, पी (संबंध नसतानाही योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सुमारे ०.०२३, नेहमीच्या पाच टक्क्यांच्या आत. पेढे वाटायला हरकत नाही असं वाटतं. पण अपेक्षित संख्या २.०८ ते ४.०८, म्हणजे चारही घरं पाचाच्या खाली. इतक्या छोट्या आकड्यांना काय-वर्गाचा गुळगुळीत वक्र बसत नाही. फिशर वक्राच्या भानगडीतच पडत नाही. बेरजा कायम ठेवून, १२ जणांतून दुबारवाले ५ निवडण्याच्या शक्य त्या सगळ्या ७९२ निवडी मोजायच्या. आपल्याइतक्या किंवा त्याहून दुर्मीळ तक्त्यांच्या वाट्याला ५७ येतात. पी ०.०७२. पाच टक्क्यांच्या पातळीवर संबंध दाखवता आला नाही. (संबंध नाही हे मात्र यातून सिद्ध होत नाही.)

आता १०० शेतकरी घ्या. प्रक्रिया केलेले ६०, त्यांत दुबार १२. न केलेले ४०, त्यांत दुबार १६. सर्वांत लहान अपेक्षित संख्या ११.२, म्हणून काय-वर्ग खुशाल वापरा: ४.७६, म्हणजे पाच टक्क्यांच्या रेषेच्या, ३.८४ च्या, वर. तरी एक खोच आहे. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर दोन-बाय-दोन तक्त्याला न सांगता येट्सची दुरुस्ती (काय-वर्ग थोडा कमी करणारी) लावतं आणि तोच आकडा ३.८२ होतो, रेषेच्या जरासा खाली! हाताने काढलेलं उत्तर संगणकाशी जुळत नाही, ते बहुधा यामुळेच. येट्सची दुरुस्ती फार सावध आहे. इथे ती बंद ठेवलेली बरी. पण हे निकाल पाहण्याआधी ठरवा आणि प्रबंधात तसं लिहा.

तक्ता मोठा असेल तर कॉक्रनचा निकष लावतात: एकही अपेक्षित संख्या एकाखाली नको, पाचाखालची घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि तीन उत्तरं म्हणजे २४ घरं. ६० जणांना विचारलं तर घरटी सरासरी अडीच. काय-वर्ग इथे बाद. फिशरलाही मोठ्या तक्त्यात संगणकाची मेमरी कमी पडू शकते, तेव्हा सिम्युलेशनने, म्हणजे संगणकाकडून हजारो कल्पित तक्ते बनवून, पी काढा. जिल्हे एकत्र करायचे तर अर्थ पाहून करा, पी पाहून नव्हे.

एक्सेलवाल्यांसाठी: तिथे काय-वर्गाचं फंक्शन अपेक्षित संख्यांचा तक्ता मागतं आणि थेट पी देतं, फिशरचं तयार फंक्शन नाही.

दोन चुका दोन्ही चाचण्या बिघडवतात. घरांत टक्केवारी भरणं ही पहिली. मोजलेली माणसंच भरा. दुसरी, तोच शेतकरी दोन वेळा मोजणं. प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच माणसांना विचारलं असेल, तर यांतली एकही नको, त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या उत्तरांसाठी असलेली मॅकनेमार चाचणी लावा.